सागरराक्षसाचा रंग

मनुष्यानें जें कधीं पाहिलें नाहीं त्याचें चित्र काढण्याची हौस त्याला फार प्राचीन काळापासून आहे. परंतु त्या चित्रांत रंग भरण्याची वेळ आली म्हणजे त्याची खरी अडचण होते. आकारासाठीं कल्पनेला उसनवारी करतां येते. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाचें शेंपूट एके ठिकाणीं जोडलें कीं आपला मकर तयार होतो. तो वरुणाचें वाहन होतो, मदनाच्या ध्वजावर चढतो, आणि वेरुळाच्या एकविसाव्या लेण्याच्या दाराशीं गंगा त्याच्या पाठीवर निःशंक उभी राहते. पण हा मकर रंगानें कसा, असें कोणी विचारलें तर काय सांगावें? महाभारतांत तिमि व तिमींना गिळणारे तिमिंगिल यांचे उल्लेख येतात. त्यांच्या प्रचंडपणाविषयीं वाचकाच्या मनांत शंका राहत नाहीं, पण त्यांचें अंग काळें होतें कीं करडें हें डोळ्यांपुढें आणूं म्हटलें तर प्रत्येकाची कल्पना निराळ्या वाटेनें जाते.

हा प्रश्न आज जगांतील हजारों माणसांपुढें, बोटाएवढ्या आकारांत व अगदीं व्यावहारिक स्वरूपांत, उभा आहे; आणि त्याला कारण एक खेळ. गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांत टेबलावर खेळावयाचा एक कथारूप खेळ फार पसरला. चारपांच गडी टेबलाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे त्यांतील एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि कोणाचा वार लागला व कोणाचा फुकट गेला याचा निकाल वीस पैलूंच्या फाशावर लागतो. पात्रें व त्यांचे शत्रु यांच्या जागीं लहान लहान मूर्ति मांडतात. माणसाची मूर्ति सामान्यतः २८ मिलिमीटर उंचीची, आणि सागरराक्षस असला तर तो तिच्या मानानें चांगला वितीएवढा. या मूर्ति बहुधा बिनरंगी मिळतात. त्या रंगवण्याचें काम खेळणाराचें, आणि पुष्कळांना खेळापेक्षां तेंच अधिक आवडतें. प्रौढ माणसांनीं रात्र रात्र बाहुल्या रंगवीत बसावें याचें कोणास हसूं येईल. पण ज्यांच्या आजोबांनीं गौरीचे मुखवटे आणि पणजोबांनीं गंजिफांचीं पानें रंगवलेलीं पाहिलीं, त्यांनीं तरी हसण्याची घाई करूं नये.

या खेळाची वंशावळ शोधीत गेलें तर ती अखेर आपल्या दाराशीं येऊन थांबते. चतुरंगापासून बुद्धिबळ झालें. बुद्धिबळाचा पट वाढवून व त्यांत निरनिराळी भूमि दाखवून ब्रन्स्विक येथील हेल्विग नांवाच्या गृहस्थानें १७८० सालीं युद्धाचा खेळ रचला. पुढें प्रशियांत राइसविट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं चौकटी टाकून दिल्या. पित्यानें १८१२ सालीं आपला खेळ राजापुढें मांडला, पुत्रानें १८२४ सालीं नकाशावर खेळण्याचे नियम छापले, आणि सैन्यांतील अधिकारी त्यावर शिक्षण घेऊं लागले. इकडे न्यूरेंबर्गचे कारागीर कथिलाचे चपटे शिपाई ओतीतच होते. लंडनच्या विल्यम ब्रिटन याच्या कारखान्यानें १८९३ सालीं पोकळ ओतकामाची युक्ति काढून शिशाचे शिपाई इतके हलके व स्वस्त केले कीं ते सामान्य घरांतील मुलांच्या हातीं पडले. एच्. जी. वेल्स यानें १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकांत याच शिपायांनीं खेळावयाचे नियम दिले. वर्षभरानें युरोपांत खरेंच युद्ध पेटलें, हा दैवाचा उपहास वेल्ससारख्या शांततावाद्याच्या नशिबीं यावा हें वाईट वाटण्याजोगें आहे.

यानंतरची पायरी अमेरिकेंत घडली. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ सालच्या नियमपुस्तिकेस एक पुरवणी होती, आणि तींत शिपायांच्या जोडीला राक्षस, सर्पासुर व मांत्रिक यांचा प्रवेश झाला. गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार. दुसऱ्याच वर्षीं निघालेल्या ‘ब्लॅकमूर’ नांवाच्या पुरवणींत समुद्राच्या तळाशीं राहणारे ‘साहुआगिन’ नांवाचे मत्स्यमानव आले. तेव्हां राक्षसांच्या तयार मूर्ति बाजारांत मिळत नसत. गायगॅक्सनें स्वस्त दुकानांतले प्लॅस्टिकचे ओबडधोबड प्राणी विकत आणून त्यांवरूनच कांहीं राक्षस बेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. खेळण्यावरून दंतकथा निर्माण होण्याचें एवढें स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं. पुढें मूर्ति ओतणारे कारखाने निघाले, राक्षसांचा कोशग्रंथ १९७७ सालीं छापला गेला, पण त्यांतील आंतलीं चित्रें काळींपांढरींच होतीं. म्हणजे आकार छापून मिळाला, रंग मात्र ज्याचा त्यानें शोधावयाचा.

येथें एका शब्दाची मौज सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. या लहान मूर्तीला इंग्रजींत ‘मिनिएचर’ म्हणतात, आणि लहानपणाशीं त्या शब्दाचा मुळांत कांहीं संबंध नाहीं. लॅटिनमध्यें ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतील आद्याक्षरें शेंदरानें रंगवीत म्हणून त्या रंगकामास हें नांव पडलें, आणि तीं चित्रें लहान असत म्हणून पुढें शब्दाला लहानपणाचा अर्थ चिकटला. शेंदूर हा शिशाचाच एक प्रकार. शिशाच्या ज्या मूर्ति १९७० नंतर या खेळासाठीं ओतल्या गेल्या, त्यांचें नांव आणि त्यांचें शरीर हीं दोन्हीं अशा रीतीनें एकाच धातूचीं होतीं.

दुसऱ्यानें केलेल्या आकारांत आपण रंग भरावयाचा, हा धंदा मात्र या खेळाहून चारशें वर्षांनीं जुना आहे. स्वीडनमधील ओलाउस माग्नुस नांवाचा कॅथॉलिक धर्माधिकारी, धर्मक्रांतीमुळें देशास मुकून इटलींत राहत असतां, त्यानें आपल्या उत्तर देशांचा एक भव्य नकाशा सिद्ध केला. हा ‘कार्टा मारिना’ नऊ लांकडी ठशांवरून १५३९ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. त्यांतील जमिनीपेक्षां समुद्रच अधिक गजबजलेला आहे. एका देवमाशाच्या पाठीला बेट समजून खलाशांनीं तिजवर चूल पेटवली आहे. एक प्रचंड शेवंडा पोहणाऱ्या माणसाला नांगीत धरून आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ एक सर्प गलबताला वेढे घालीत आहे. परदेशांत कंठ काढणाऱ्या त्या गृहस्थानें मातृभूमीभोंवतीं एवढे राक्षस कां मांडले असावेत, याचा विचार करणें आम्हांस आवडतें; पण तो विषय निराळा. या नकाशाच्या प्रती इतक्या नाहींशा झाल्या कीं १८८६ सालीं म्यूनिक येथें एक सांपडेपर्यंत तो केवळ नांवानें माहीत होता, आणि दुसरी मूळ प्रत सांपडण्यास १९६१ साल उजाडावें लागलें.

ठशावरून छापलेला नकाशा काळापांढरा असे. तो रंगवणारे कारागीर वेगळे, त्यांची गणना चित्रकारांच्या संघांत होई, आणि त्यांना समुद्र पाहिलेला असण्याची जरुरी नव्हती. ज्याचा नकाशासंग्रह पुढें युरोपभर गाजला तो अब्राहाम ऑर्टेलियस अँटवर्प येथील संघांत १५४७ सालीं शिरला तो नकाशे रंगवणारा म्हणूनच. त्याच्या संग्रहांत १५९० सालीं आलेल्या आइसलंडच्या नकाशांत ओलाउसच्या राक्षसांचे पुष्कळ वंशज पोहतांना दिसतात. आतां रंगाची गंमत पहा. ओलाउसनें १५५५ सालीं आपल्या ग्रंथांत या महासर्पाचें वर्णन दिलें आहे. त्यांत तो काळा आहे, फक्त डोळे ज्वाळेसारखे लाल. परंतु या नकाशाची जी रंगीत प्रतिमा आज सर्वत्र पाहावयास मिळते तींत सर्पाचें सारें अंगच तांबडें आहे. रंगवणाराला ग्रंथ ठाऊक नव्हता, कीं निळसर पाण्यावर काळा साप उठून दिसत नाहीं हें त्याला ग्रंथकारापेक्षां चांगलें ठाऊक होतें? आमचा कौल दुसऱ्या बाजूस पडतो. पाहणाराची नजर प्रथम सर्पावर जावी एवढेंच त्याला साधावयाचें होतें, आणि तें त्यानें साधलें.

उत्तरसमुद्रांतील दुसरा राक्षस क्राकेन. बर्गेन येथील बिशप पाँटोपिडान यानें १७५२-५३ सालीं आपल्या नॉर्वेच्या सृष्टिवर्णनांत कोळ्यांच्या तोंडून ऐकून त्याची हकीकत दिली. त्याच्या पाठीचा घेर दीड मैल सांगितला. पुढें फ्रान्समध्यें दनी द मॉंफोर यानें एका प्रचंड अष्टपादानें तीन डोलकाठ्यांचें जहाज मिठींत घेतल्याचें चित्र छापलें आणि शास्त्रज्ञांत स्वतःचें हंसें करून घेतलें. तो दारिद्र्यांत मेला. परंतु सगळेंच खोटें नव्हतें. डॅनिश शास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यानें १८५७ सालीं एका महाकाय माखुलाला ‘आर्किट्यूथिस’ असें शास्त्रीय नांव दिलें. ३० नोव्हेंबर १८६१ रोजीं ‘अलेक्तों’ या फ्रेंच गलबताला टेनेरिफ बेटाजवळ समुद्रावर तरंगणारें असलें एक धूड भेटलें. दोर आवळून तें वर ओढतांना तुटलें व शेंपटाकडचा तुकडाच हातीं आला. कप्तानानें त्याचा रंग विटकरीसारखा तांबडा असल्याचें लिहिलें. १८७३ सालीं न्यूफाउंडलंडमध्यें जाळ्यांत सांपडलेलें एक माखूल मोझेस हार्वी या पाद्र्यानें विकत घेऊन घरीं न्हाणीच्या टबावरील दांडीवर पसरलें आणि त्याचें छायाचित्र काढविलें. राक्षसाच्या इतिहासांत इतका घरगुती प्रसंग दुसरा नसेल.

तरी रंगाचा प्रश्न तसाच राहिला. जें हातीं येई तें मेलेलें किंवा मरणोन्मुख. या प्राण्याची कातडी फार नाजूक, ती सोलून निघते. मद्यार्कांत ठेवलेलें शरीर कालांतरानें पांढरट पडतें. त्यामुळें शंभर-दीडशें वर्षें चित्रकारांनीं जो रंग दिला तो प्रेताचा रंग होता. जपानी शास्त्रज्ञ कुबोडेरा व मोरी यांनीं २००४ सालीं ओगासावारा बेटांजवळ नऊशें मीटर खोलीवर जिवंत महामाखुलाचीं छायाचित्रें घेतलीं, आणि २०१२ सालीं पाणबुडींतून त्याचें चलच्चित्र मिळालें. तेव्हां दिसलें कीं दिव्याच्या प्रकाशांत तो सोन्यारुप्याच्या मुलाम्यासारखा झळकतो. त्याच मोहिमेंत एडिथ विडर या शास्त्रज्ञ बाईंनीं वापरलेल्या कॅमेऱ्याचा प्रकाश मुद्दाम तांबडा ठेवला होता, कारण खोल पाण्यांतील बहुतेक प्राण्यांना तांबडा प्रकाश दिसत नाहीं. सूर्याच्या किरणांतील तांबडा भाग वरच्या थोड्याशा पाण्यांतच शोषला जातो; तळाकडे जो प्राणी तांबडा आहे तो तेथें काळाच. मग खोल समुद्रांतील राक्षसाचा खरा रंग कोणता म्हणावयाचा, त्याच्या घरांतला कीं आपल्या दिव्याखालचा?

उथळ पाण्यांतील जलचरांचा हिशेब निराळा आहे, आणि तो समजण्यासाठीं कोंकणच्या कोणत्याही मासळीबाजारांत जावें. बांगडा पहा. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर काळपट रेघा, आणि पोट रुपेरी. सुरमईचेंही तसेंच. वरून पाहणाराला पाठ खालच्या गडद पाण्यांत मिसळते, खालून पाहणाराला पोट वरच्या उजेडांत विरून जातें. याहून सूक्ष्म गोष्ट अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर यानें १८९६ सालीं दाखवून दिली. प्रकाश वरून पडतो, म्हणून कोणत्याही वस्तूची वरची बाजू उजळ व खालची बाजू छायेंत असते, आणि या छायेवरूनच ती वस्तु भरीव आहे हें डोळ्यास कळतें. निसर्गानें प्राण्याची पाठ गडद व पोट फिकें करून ही छायाच पुसून टाकली आहे. पक्षिशास्त्रज्ञांच्या सभेंत त्यानें रताळ्यांना तारेचे पाय लावून, एकाला सारखा मातकट रंग दिला व दुसऱ्याचें पोट फिकें केलें. थोड्या अंतरावरून पहिलें रताळें दिसे, दुसरें दिसेना. हें शास्त्रज्ञाला न सुचतां चित्रकाराला सुचावें यांत नवल नाहीं. छाया काढून भरीवपणा आणणें हें ज्याचें आयुष्यभराचें काम, त्यालाच छाया घालवून तो नाहींसा करण्याची युक्ति ओळखतां येणार.

आणि येथेंच आमच्या टेबलावरच्या रंगाऱ्याची खरी पंचाईत आहे. त्याच्या मूर्तीवरील खवले, वळ्या, कल्ले हे इतके उथळ असतात कीं खोलींतल्या पसरट उजेडांत त्यांच्या सावल्या दिसेनाशा होतात. एकरंगी मूर्ति हातभर अंतरावरून मातीच्या गोळ्यासारखी भासते. म्हणून तो सावली स्वतःच रंगवतो. प्रथम सगळ्या अंगाला काळें अस्तर, मग डोक्यावरून, म्हणजे माध्यान्हींचा सूर्य जेथें असेल तेथून, पांढऱ्या रंगाचा फवारा; जेथें तो पोंचत नाहीं तेथें सावली आपोआप राहते. त्यावर पातळ रंगाचे थर. मग पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सोडावयाचा, तो खवल्यांच्या फटींत उतरून बसतो. शेवटीं जवळजवळ कोरडा केलेला कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवावयाचा, म्हणजे फिका रंग त्यांच्या कडांनाच लागतो. या सर्वांचा परिणाम एकच: वरची बाजू उजळ, खालची गडद. निसर्गानें बांगड्याला जें केलें त्याच्या हें बरोबर उलट आहे!

दोन्हीं एकदम कशीं साधावीं? कांहीं रंगारी निसर्गाला सरळ रजा देतात आणि सागरराक्षस म्हणजे हिरवा असें ठरवून मोकळे होतात. अशा मूर्ति चांगल्या रंगवलेल्या असल्या तरी आम्हांस त्या पाण्यांतल्या न वाटतां शेवाळ चढलेल्या विहिरींतल्या वाटतात. कांहीं निसर्गाचें तंतोतंत अनुकरण करतात, आणि त्यांचा राक्षस थेअरच्या रताळ्यासारखा टेबलावरून नाहींसा होतो. अधिक विचारी मंडळी पाठीला गडद व पोटाला फिका असा मूळ रंग राखतात, परंतु पाठीच्या गडद रंगांतच खवल्यांच्या कडा उजळतात आणि पोटाच्या फिक्या रंगांतच वळ्यांमध्यें निळसर किंवा जांभळट छाया भरतात. म्हणजे रंग निसर्गाचा आणि उजेड चित्रकाराचा. काम दुप्पट होतें. एका हाताएवढ्या माखुलाला आठवडे लागतात. शेवटचा प्रश्न चकाकीचा. बाकीच्या मूर्तींवर चकाकी न येणारें रोगण देतात, पण जलचराचें अंग ओलें दिसलें पाहिजे म्हणून त्याला चकचकीत रोगण हवें. तें सर्वांगाला दिलें तर खेळणें दिसतें, आणि नुसतें डोळे, कल्ले व जीभ यांना दिलें तर जनावर नुकतें पाण्याबाहेर आल्यासारखें दिसतें. महामाखुलाचा डोळा तर प्राणिसृष्टींतील सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकीं, सुमारें २७ सेंटिमीटर व्यासाचा. मूर्तींत तो मोहरीएवढा उरतो, आणि तेवढ्यासाठीं रंगारी श्वास रोखून बसतो.

यांत खेळणाराचें म्हणणें काय, हें विसरून चालत नाहीं. त्याला निसर्ग नको आणि प्रकाशशास्त्रही नको. समोरचा प्राणी कोणता हें एका दृष्टिक्षेपांत कळलें कीं त्याचें भागलें. हा तिसरा धनी आपल्या चिताऱ्यांच्या फार परिचयाचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० वाटोळीं पानें, दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा. त्यांत राजा व प्रधान हीं दोन चित्रांचीं, आणि उरलेलीं दहा चिन्हांच्या संख्येचीं. मत्स्यावताराच्या पानांवर तितके मासे पोहत असतात, आणि राजाच्या पानावर माशांतून वर आलेला चतुर्भुज विष्णु. चिंचोक्याची खळ, खडूचें अस्तर आणि लाखेची चकाकी यांनीं तयार झालेलें हें पान रुपयापेक्षां फार मोठें नसतें. चिताऱ्याला मासा ठाऊक नव्हता असें कोण म्हणेल? त्याच्या दारावरून रोज मासळीच्या पाट्या जात. तरी पानावरच्या माशाला त्यानें बांगड्याचा रंग दिला नाहीं, कारण पंख्यासारखीं पसरलेलीं पानें हातांत धरून बसलेल्या गड्याला कोणतें पान कोणत्या अवताराचें हें भूमीच्या रंगावरूनच ओळखावयाचें असतें. कार्टा मारिनाच्या रंगाऱ्यानें सर्प तांबडा केला तोही याच न्यायानें. छापील पत्ते आले आणि ही कला मरणपंथाला लागली. १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच चिताऱ्यांना बसवून ती जगवली, म्हणून तो मत्स्य आज आपणांस पाहावयास मिळतो.

शिशाच्या मूर्तींचें भवितव्य याहून नाजूक आहे. शिसें विषारी म्हणून गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कारखान्यांनीं तें बहुतेक सोडलें. आतां मूर्ति कथिलाच्या मिश्रधातूच्या, प्लॅस्टिकच्या किंवा राळेच्या असतात. जुन्या ज्या राहिल्या त्या शौकिनांनीं कौतुकानें ओकच्या लांकडाच्या कपाटांत मांडल्या, आणि त्या लांकडांतून निघणाऱ्या आम्ल वाफेनें शिसें आंतून पांढरें होऊन त्याची भुकटी पडूं लागली. जाणते संग्राहक आतां लोखंडी किंवा कांचेचीं कपाटें घेतात आणि महिन्या दोन महिन्यांनीं मूर्ति उलटी करून तिचा तळ तपासतात. कांहींच्या बाबतींत फार उशीर झालेला असतो. हात लावतांच आंतला राक्षस ढासळतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं कोणीतरी दिलेला रंग तेवढा, खवल्यांच्या आकाराचा पातळ पापुद्रा होऊन, बोटांवर येतो.